‘काय सापडलं?’ नको, ‘कुठे सापडलं?’ विचारा

मेटल डिटेक्टर घेऊन गडावर जाणाऱ्या माणसाला मी चोर म्हणतो. त्याच्या कपाळावर चंद्रकोर असली तरी, तो दर वर्षी राज्याभिषेकाला रायगड चढत असला तरी, सापडलेलं नाणं तो विकणार नसून देवघरात ठेवणार असला तरी. आणि हे मी डिटेक्टर कधी हातात न धरता म्हणत नाहीये. माझ्याकडे स्वतःचा डिटेक्टर आहे, आणि तो चालवायला शिकण्यात माझे गेल्या वर्षाचे बहुतेक रविवार गेले आहेत.

मी कामानिमित्त इंग्लंडच्या पूर्व भागात राहतो. इथे हा रीतसर छंद आहे. नांगरलेल्या शेतात शेतकऱ्याची परवानगी घेऊन लोक डिटेक्टर फिरवतात. मी फोटो टाकायला लागल्यावर गावाकडून मावसभावाचा मेसेज आला: ‘दादा, दिवाळीला येताना ते मशीन घेऊन ये. गडावर एक चक्कर मारू. इथे कोण बघतंय?’ मी नाही म्हटलं. त्याला वाटलं, दादा परदेशात जाऊन घाबरट झाला. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखं वाटणाऱ्या इतर सगळ्यांसाठी.

आधी मशीनबद्दल, कारण रीलमध्ये ते जादूच्या काठीसारखं दाखवतात. जमिनीला समांतर धरलेली जी चकती असते तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात छोटे भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. हे उत्तर किती जोरात आलं आणि किती उशिरा आलं, यावरून मशीन अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली, जाड चांदीचा आणि तांब्याच्या मोठ्या नाण्याचा वर. मधल्या पट्ट्यात सगळा गोंधळ. सोन्याची अंगठी, चॉकलेटची चांदी आणि बिअरच्या कॅनची कडी यांचे आकडे इतके जवळ असतात, की ‘सोनं दाखवणारं मशीन’ असं म्हणून कुणी तुम्हाला काही विकत असेल तर तो तुम्हाला बनवतोय.

पहिला महिना मी शेतात गेलोच नाही. घरमालकिणीच्या परवानगीने परसात वेगवेगळ्या खोलीवर नाणी, खिळे आणि फॉइलचे तुकडे पुरले, त्यांचा नकाशा काढला आणि रोज त्यांच्यावरून कॉइल फिरवली. कॉइल जमिनीपासून फार उचलायची नाही. एकाच जागेवरून दोन दिशांनी जायचं, आणि दोन्हीकडून सारखाच आवाज आला तरच थांबायचं. मातीतल्या खनिजांचा आवाज आधी शून्यावर आणायचा, नाहीतर मशीन मातीलाच धातू समजतं. हे शेवटचं आपल्याकडच्यांनी नीट वाचावं. सह्याद्रीचा बेसाल्ट लोहयुक्त खनिजांनी भरलेला आहे, कोकणातला जांभा तर लोहामुळेच लाल आहे. इंग्लंडच्या चुनखडीवर गोडीत चालणारं मशीन अशा जमिनीवर सारखं बडबडतं. मग आवाज झाला की खण, पुन्हा आवाज झाला की पुन्हा खण, असं सुरू होतं. बुरुजाच्या पायथ्याशी वीस खड्डे, त्यातल्या एकोणीस खड्ड्यांत काही नाही.

शेतात गेल्यावर मला काय सापडलं? खिळे. शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडं. ट्रॅक्टरचे नटबोल्ट. राणी व्हिक्टोरियाची झिजलेली पेनी. शिशाच्या तीन गोल गोळ्या, जुन्या बंदुकीच्या. या गोळ्या घेऊन मी इथल्या अधिकाऱ्याला भेटलो. अशा अधिकाऱ्याला ‘फाइंड्स लिएझन ऑफिसर’ म्हणतात. सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणं हेच त्याचं काम. त्याने गोळ्यांकडे बघण्याआधी विचारलं, ‘कुठे?’ मी शेताचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘तसं नाही. शेतात नेमकं कुठे? तिन्ही गोळ्या एकमेकींपासून किती लांब?’

त्याचा हा प्रश्न म्हणजेच सगळा इतिहास आहे. मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, म्हणून मला तो लगेच कळला. एखाद्या टेबलमधून वेळ आणि ठिकाण हे दोन रकाने उडवले आणि फक्त किंमत ठेवली, तर तो डेटा उरत नाही, कचरा उरतो. नाण्याचंही तसंच आहे. जमिनीतून बाहेर काढलेलं नाणं म्हणजे फक्त किंमत. ते किती खोलीवर होतं, कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, राख होती की खापर होतं, हे बाकीचे रकाने जमिनीत असतात. ते एकदाच वाचता येतात, आणि खणणारा ते वाचता वाचताच पुसत असतो. याचा बॅकअप नसतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या मातीतली दोन उदाहरणं बघा.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा नाश केला, असं नाशिकच्या लेण्यांतला त्याच्या आईचा शिलालेख सांगतो. पण शिलालेखात राजाची स्तुतीच असते. त्या दाव्याला वजन आलं ते या साठ्याने. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावाने चालवला, आणि तोही एवढ्या मोठ्या प्रमाणावर. आता समजा, तो साठा सापडला त्या रात्री पन्नास जणांनी वाटून घेतला असता. प्रत्येकाच्या देवघरात एक सुंदर नाणं असतं. ‘नऊ हजार’ हा आकडा मात्र कुणाच्याच देवघरात नसता.

दुसरं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेकाठचं हे गाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९७४ साली तिथे एका स्थानिक माणसाला खणताना चार भरीव ब्राँझ वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्राचीन धातुशिल्पांत त्यांची गणना होते. त्या कोणत्या काळातल्या? बरेच अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातलं मानतात, काहींनी धातूच्या मिश्रणावरून शंका घेतली आहे. हा वाद झाला, कारण वस्तू शास्त्रीय उत्खननात थरासकट मिळाल्या नाहीत. पुढे त्याच गावात मोठं उत्खनन झालं, पण उपटलेलं झाड पुन्हा त्याच मातीत तसंच बसवता येत नाही. ज्याला त्या वस्तू मिळाल्या त्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याच्या हातात मशीन नव्हतं आणि तो खजिना शोधायला निघाला नव्हता. पण आज जो मशीन विकत घेऊन, रात्र बघून, मुद्दाम जातो, त्याला ही सवलत मिळणार नाही.

इथे काही पुरातत्त्वप्रेमी टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, बरोबर, हे मशीनच बंद करा. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाचं रणांगण आहे. २५ जून १८७६ रोजी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी जनरल कस्टरची तुकडी तिथे संपवली. पुढची शंभर वर्षं कस्टरच्या शौर्याची चित्रं विकली गेली. जे लढले होते त्या मूळ रहिवाशांच्या साक्षी ‘विसंगत’ म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९८३ साली वणव्यात तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या हौशी लोकांनाच सोबत घेतलं. स्वयंसेवक ओळीने चालले. आवाज आला की छोटा झेंडा रोवायचा, पुढे जायचं. आधी मोजणी, मग खोदाई, मग वस्तू जागेवर असतानाच नोंद. काडतुसाच्या टोपीवर बंदुकीच्या पिनेची खूण उमटते आणि ती बोटाच्या ठशासारखी वेगळी असते. त्यावरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे गेली, हे काढता आलं. योद्ध्यांकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या किती बंदुका होत्या आणि कस्टरची फळी कशी कोसळली, हे नकाशावर दिसलं. बाजूला टाकलेल्या साक्षींना जमिनीने दुजोरा दिला.

मशीन तेच होतं, आवाजही तोच. फरक झेंड्याचा होता. आवाज आल्यावर हात फावड्याकडे न जाता झेंड्याकडे गेला.

आता जालना जिल्ह्यातली असई आठवा. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज विरुद्ध वेलस्ली. किंवा १७९५चं खर्डा. या लढायांबद्दल आपण काय वाचतो? पत्रं, बखरी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणी. तिथल्या शेतांतल्या शिशाच्या गोळ्यांची साक्ष कागदाइतकीच मोलाची आहे, आणि ती पाटीलकी बघून बदलत नाही. कुठली तुकडी कुठे उभी राहिली, कुठे मागे हटली, हे त्या गोळ्यांचा नकाशा सांगू शकतो. पण दर पावसाळ्यानंतर त्यातल्या चार गोळ्या कुणीतरी खिशात घालून नेल्या, तर नकाशातले चार ठिपके कायमचे गेले. म्हणून मशीनवर बंदी हे माझं उत्तर नाही. झेंडा न लावता मशीन चालवण्यावर बंदी, हे माझं उत्तर आहे.

‘पण नाहीतर ते मातीतच सडणार ना?’ हा मावसभावाचा दुसरा मुद्दा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. नांगरलेल्या शेतात वरच्या वीतभर मातीतल्या वस्तू तशाही दर वर्षी हलतात, तुटतात, खतांनी गंजतात. तिथे नीट नोंद करून वस्तू काढणं म्हणजे वाचवणंच. इंग्लंडमधली परवानगी मुख्यतः अशाच जमिनीवर मिळते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय मशीन चालवणं इथेही गुन्हा आहे. गड मात्र नांगरलेला नसतो. सदरेजवळचा, टाक्याकाठचा, बुरुजाखालचा थर तीनशे वर्षं कुणी हलवलेला नसेल, तर तिथे वस्तू सडत नाहीये, ती सुरक्षित आहे. त्या थराला असलेला एकमेव धोका तूच आहेस, मित्रा. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. वारसा म्हणजे फक्त दिसणारी तटबंदी नाही. तटबंदीखालची माती पण वारसाच आहे.

आणि मोह म्हणाल तर तो कुठवर जातो, तेही आपण पाहिलंय. मार्च २०२५मध्ये ‘छावा’ थिएटरात चालू असताना बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडची दृश्यं फोनवर फिरत होती. रात्रीच्या काळोखात शेतांत टॉर्चच टॉर्च, हातात कुदळी आणि चाळण्या, काहींकडे डिटेक्टर. मोगलांचं सोनं इथे पुरलंय, ही अफवा तेवढी पुरली. त्या माणसांना हसणं सोपं आहे. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. ज्याच्या शेतात वर्षाला जेमतेम भागतं, त्याने सोन्याच्या नाण्यामागे धावू नये असं एसीत बसून मी सांगणार नाही. मी विचारणार, समजा त्यातल्या एखाद्याला खरंच काही सापडलं आणि त्याला प्रामाणिक राहायचं असलं, तर आपण त्याला कुठला रस्ता ठेवलाय?

इथे मला चोरापेक्षा जास्त राग कायद्याचा येतो.

आपल्याकडे अजून १८७८चा निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, कुठे, कधी. कळवलं नाही तर शिक्षा, एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये ही मर्यादा इंग्रजांच्या काळातली. मालक सापडला नाही तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, अशी वाटणीची तरतूद आहे. ऐकायला बरी वाटते. पण सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला कसा काढायचा? वस्तूतल्या धातूची किंमत, आणि वर तिचा एक पंचमांश. म्हणजे गौतमीपुत्राने ठसा मारलेलं नाणं कायद्याच्या तराजूत चांदीच्या तुकड्याएवढं, आणि शिवराई तांब्याच्या तुकड्याएवढी. इतिहास म्हणजे वीस टक्के सरचार्ज. सोनार वितळवायला घेताना जो हिशेब करतो, तोच आपला कायदा करतो. मग माणूस सोनाराकडेच गेला तर नवल काय?

मामाच्या गावात काही वर्षांपूर्वी जेसीबीने शेत सपाट करताना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक लोटी निघाली. पाच घरांत वाटणी झाली. काही नाणी चिंच आणि राखेने घासून लख्ख केली, म्हणजे त्यांच्यावरचा काळाचा थर गेला, बहुतेकांवरची अक्षरंही गेली. काही मोडीत गेली. मी शेताची जागा विचारली तेव्हा एकाच वाक्यात उत्तर आलं: ‘तुला कुणी सांगितलं?’ विचारणारा घरचाच भाचा होता, तरी. त्यांना पैशाची हाव नव्हती, तांब्याच्या नाण्यांचे पैसे असे किती येणार? त्यांना भीती होती. पोलीस येतील, शेत अडकेल, काम थांबेल, तालुक्याला चकरा माराव्या लागतील. जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला गप्प बसायला शिकवते, ती इतिहास वाचवत नाही, पुरते.

इंग्लंडमधले लोक आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं अजिबात नाही. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांना नवव्या शतकातला साठा सापडला आणि त्यांनी तो लपवला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी तीसेकच हाती लागली, बाकीची काळ्या बाजारात गेली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा यांच्या संबंधांवर त्या नाण्यांनी नवा प्रकाश टाकला असता. २०१९मध्ये त्या दोघांना तुरुंगवास झाला. म्हणजे चोर इथेही आहेत. फरक एवढाच, की इथे प्रामाणिक माणसासाठी दार उघडं आहे. १९९६च्या कायद्याप्रमाणे सोन्या-चांदीचा जुना साठा १४ दिवसांत कळवावा लागतो, आणि संग्रहालयाने तो घेतला तर मोबदला बाजारभावाने ठरतो. त्याशिवाय १९९७पासून साध्या वस्तूंची ऐच्छिक नोंद सुरू झाली. शेतात सापडलेलं बटण, बक्कल, शिशाची गोळी, काहीही न्या, अधिकारी नोंद करतो आणि वस्तू सहसा तुम्हाला परत देतो. अशा १५ लाखांहून जास्त वस्तू आज नोंदवलेल्या आहेत. कुणी फावडं घेऊन पोचू नये म्हणून लोकांना नेमकी जागा दाखवत नाहीत, अभ्यासकाला दाखवतात.

विश्वास असला की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे हॉक्सन. १९९२ साली सफोकमध्ये एरिक लॉज नावाचा माणूस एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेला. सापडली रोमन सोन्या-चांदीची नाणी. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो साठा थरासकट उचलला. म्हणून आज आपल्याला सुमारे १५ हजार नाण्यांसोबत हेही माहीत आहे, की ती लाकडी पेटीत होती, आत लहान डबे होते, त्यांना चांदीची इवलीशी कुलपं होती. लाकूड कधीच कुजून गेलं होतं. पेटी ‘दिसली’ ती केवळ वस्तू कुठे कशा पडल्या होत्या त्यावरून. लॉजला मोबदला मिळाला, तो त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतला. आणि हो, हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे याची गरज इंग्लंडपेक्षा जास्त आहे. जुन्या गावठाणाच्या पांढरीची माती शेतात टाकायला ट्रॉलीच्या ट्रॉली उचलली जाते. महामार्ग, शेततळी, विहिरी, प्लॉटिंग, सगळीकडे जेसीबी. रोज जमीन उघडते आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात नोंद घेणारा एक माणूस, पोलीस ठाण्याबाहेर बसणारा. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही अशी लेखी हमी. नेहमीच्या वस्तूंची नोंद करून त्या परत. दुर्मीळ वस्तूला इतिहासाच्या भावाने मोबदला. आणि शेत अडकलं तर तेवढ्या दिवसांची भरपाई. यासाठी लागणारं अ‍ॅप माझ्यासारखे दोन इंजिनिअर महिनाभरात लिहून देतील, त्यात काही मोठं नाही. विश्वासाचं अ‍ॅप नसतं. तो त्या एका माणसाने, एकेका गावात चहा पिऊन कमवावा लागतो.

तोवर तुझ्या हातात काय आहे? गडावर मशीन नेऊ नकोस. रीलमध्ये कुणी खणताना दिसला तर लाईक करू नकोस, ‘कुठे?’ आणि ‘परवानगी कुणाची?’ असं विचार. स्वतःच्या शेतात काही निघालं तर काम तिथेच थांबव. घासू नकोस, चिंच लावू नकोस. शेजारी पेन ठेवून जागेवरच फोटो काढ, लोकेशनची पिन सेव्ह कर, खोली मोज, आजूबाजूची खापरंही राहू दे, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळव. पोच घे. त्रास होईल, मला माहीत आहे. पण ज्या राजांच्या नावाने आपण घोषणा देतो, त्यांच्या काळाबद्दल जमीन काहीतरी सांगत असेल, तर तिचं वाक्य अर्ध्यात तोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?